लालबागचा समुद्र कुठला?

थंडी पडली रे पडली (म्हणजे मुंबईत जेवढी पडते तेवढी) की आमच्या हापिसात एक एक्सेल शीट फिरायला लागते. कुठल्या बीचवर जायचं? काशीद, दिवेआगर, गुहागर, तारकर्ली... पुढच्या रकान्यांत गाडीने किती तास, वाळू पांढरी की काळी, राहायची सोय काय, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुरमई थाळी. मग मतदान, मग भांडणं, आणि शेवटी सगळे अलिबागला जातात. असो.

त्या शीटमध्ये गिरगाव आणि दादर कधीच नसतात. बरोबरच आहे म्हणा, तिथे पोहायला कोण जाणार? पण ह्या शहरातली माणसं गेली शंभर वर्षं ह्या दोन चौपाट्यांमधून निवड करत आलीयत, आणि ती मौजमजेसाठी नव्हे. त्यातली एक निवड मला कायम कोड्यात टाकते. लालबागचे गणपती गिरगावलाच का जातात?

नकाशा उघडून बघा. लालबागपासून सरळ रेषेत दादर चौपाटी साधारण ४ किलोमीटर, गिरगाव ५. म्हणजे दादर जवळ. तरी चिंचपोकळीचा चिंतामणी (१९२०), गणेश गल्लीचा मुंबईचा राजा (१९२८), लालबागचा राजा (१९३४), सगळे दक्षिणेकडेच निघतात. लालबागच्या राजाची मिरवणूक तर सरळही जात नाही. भायखळा स्टेशन, तिथे फायर ब्रिगेडची सलामी, मग नागपाडा, दोन टाकी, सुतार गल्ली, माधवबाग, सी. पी. टँक, व्ही. पी. रोड, ऑपेरा हाउस आणि मग चौपाटी. वीस-बावीस तास लागतात. कुठलाही शॉर्टेस्ट पाथ अल्गोरिदम हा रस्ता देणार नाही!

आधी हे बघू की लालबाग-परळला स्वतःचा समुद्र का नाही. खरं तर परळ हे मुंबईच्या सात बेटांपैकी एक. पूर्वेला शिवडीचा किनारा अगदी हाकेच्या अंतरावर. पण १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट आला, १८८० ला प्रिन्सेस डॉक, १८८८ ला व्हिक्टोरिया डॉक, १९१४ ला अलेक्झांड्रा डॉक. पूर्वेचा जवळजवळ सगळा किनारा भिंतीआड गेला. तो समुद्र मालासाठी, माणसांसाठी नाही. शिवडीला चिखल उरला म्हणून निदान फ्लेमिंगो तरी येतात.

पश्चिमेकडे उलटं झालं. वरळी आणि महालक्ष्मीच्या मधल्या खिंडारातून भरतीचं पाणी आत घुसायचं, थेट भायखळा-पायधुणीपर्यंत. पायधुणी म्हणजे जिथे पाय धुवायचे ती जागा, हे आपण शाळेत ऐकलेलं असतं. हॉर्नबी गव्हर्नर असताना, १७८० च्या दशकात, ते खिंडार बांध घालून बंद केलं. मागची खाजणं हळूहळू सुकली, आणि शंभर वर्षांनी त्याच सखल पट्ट्यात गिरण्यांची धुराडी उभी राहिली. म्हणजे गिरणगावाचा समुद्र गेला म्हणूनच गिरणगाव झालं. (पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरतं तेव्हा समुद्राला जुना पत्ता आठवत असावा.)

आता गिरगाव. गॅझेटियरमध्ये चौपाटी शब्दाची व्युत्पत्ती 'चौ-पाटी' अशी दिलीय, पाटी म्हणजे पाण्याचा ओहोळ, खाडी. जसं पालघरजवळचं सातपाटी. चार ओहोळ आता शोधून सापडणार नाहीत. ह्या बॅक बेचा काठ पूर्वी हवा खायची जागा नव्हता, तिथे स्मशानं आणि कबरस्तानं होती. मरीन लाइन्सला आजही ओळीने चंदनवाडी आणि बडा कबरस्तान आहेत ते उगाच नाही. तो जुना सोनापूरचा पट्टा. समुद्र पुढे सरकला, मेलेली माणसं जागच्या जागी राहिली.

समुद्र सरकला म्हणजे सरकवला. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने गेला आणि त्या पैशाच्या नशेत बॅक बे रेक्लमेशन कंपनी निघाली. तिकडे युद्ध संपलं, १८६५ ला शेअरबाजार कोसळला, कंपनी बुडाली (डॉटकॉम बबल आपल्याला नवीन वाटतो!). किनाऱ्याने रेल्वे मात्र आली. मग १९२० च्या आसपास गव्हर्नर लॉइडने पुन्हा तोच घाट घातला. आठ ब्लॉक भरायचे होते, चार झाले, आणि वीर नरिमन यांनी त्यातल्या कारभाराची अशी पिसं काढली की 'लॉइड्स फॉली' हे नाव कायमचं चिकटलं. त्या भरावाच्या काठाने १९३० च्या दशकात मरीन ड्राइव्ह झाला.

ह्याच लॉइडच्या काळात जे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं, त्यानेच वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीच्या बीडीडी चाळी बांधल्या. २०७ इमारती, १६० चौरस फुटांच्या खोल्या. म्हणजे एकच खातं एका हाताने श्रीमंतांसाठी समुद्रातून जमीन काढत होतं आणि दुसऱ्या हाताने गिरणी कामगाराला एका खोलीत बसवत होतं. इतिहासाच्या पुस्तकात ह्या दोन गोष्टी दोन वेगळ्या धड्यांत येतात. मला त्या एकाच पानावर हव्यात.

खोलीत जागा नाही म्हटल्यावर माणूस बाहेरच पडणार. आणि वाऱ्याचं म्हणाल तर १८९६ च्या प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट आखले, त्यामागचा एक हेतूच मुळी बॅक बेचा वारा दाट वस्तीत शिरावा हा होता. रस्ता म्हणजे गाड्यांसाठी, असं आपण धरून चालतो. इथे तो चक्क व्हेंटिलेशन डक्ट होता. वाऱ्यासाठी फोडलेल्या ह्या रस्त्यांनी वस्तीतली गर्दीही चौपाटीवर आणून सोडली.

पण हवा खाण्याच्या जागेला अर्थ आला तो १ ऑगस्ट १९२० ला. टिळक मध्यरात्रीनंतर सरदारगृहात गेले. रिवाजाप्रमाणे अंत्यसंस्कार सोनापूरला व्हायचे. लोकांनी चौपाटीचा हट्ट धरला, खास परवानगी मिळाली, आणि लाखोंच्या गर्दीत, भर पावसात, वाळूवर चिता पेटली. खांदा देणाऱ्यांत गांधी आणि शौकत अली होते. त्या दिवसानंतर ती नुसती वाळू राहिली नाही. स्वातंत्र्याच्या सभा तिथेच. २० नोव्हेंबर १९५५ ला मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा लोकांनी उधळली तीही तिथेच, आणि दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला.

म्हणून माझा तर्क असा. लालबागची मंडळं उभी राहिली १९२० ते १९३४ मध्ये. तेव्हा दादरची पश्चिम बाजू नुकती वसत होती. शिवाजी पार्कला ते नावच मुळी १९२७ ला मिळालं, नगरसेविका अवंतिकाबाई गोखल्यांच्या आग्रहाने. उलट गिरगावात १८९३ पासून केशवजी नाईक चाळीचा गणपती, आणि चौपाटीवर साक्षात टिळक. गिरणीतल्या माणसाला आपला देव मिरवत न्यायचा होता तो तिथे, जिथे सगळी मुंबई बघेल. अंतर हा निकष नव्हताच. उलट रस्ता जितका लांब तितक्या जास्त वस्त्या भेटणार.

गंमत म्हणजे लालबागचा राजा मुळात समुद्राशी नातं असलेल्यांचाच. १९३२ ला पेरू चाळीतला बाजार बंद झाला, उघड्यावर बसणाऱ्या कोळी आणि इतर विक्रेत्यांनी हक्काच्या बाजारासाठी नवस केला, जागा मिळाली, मग १९३४ ला गणपती बसला. पहिली मूर्ती कोळी वेषातली.

तुम्ही म्हणाल, मग दादरला कोणी निवडलं? त्याचं उत्तर ७ डिसेंबर १९५६. बाबासाहेब ६ तारखेला दिल्लीत गेले, विमानाने मुंबईत आणलं, हिंदू कॉलनीतल्या राजगृहातून अंत्ययात्रा निघाली. राजगृहापासून दादरचा समुद्र फार लांब नाही, टिळक पूल ओलांडला की झालं. पण यात्रा गेली परळकडून, एल्फिन्स्टन पुलावरून, गिरण्यांच्या वस्तीतून फिरून. इथेही शॉर्टेस्ट पाथ नाही, बघा. (तो एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला.) दादर चौपाटीवर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले, तिथेच भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या लोकांना धम्मदीक्षा दिली. चैत्यभूमीचा स्तूप ५ डिसेंबर १९७१ ला मीराताई आंबेडकरांच्या हस्ते खुला झाला. दर ६ डिसेंबरला विदर्भ-मराठवाड्यातून लाखो माणसं येतात, आणि त्यातल्या कितीतरी जणांनी आयुष्यात पाहिलेला पहिला समुद्र हा असतो. गोवा नव्हे, तारकर्ली नव्हे, दादर.

मला सगळ्यात रोचक वाटतं ते मात्र भरतीचं गणित. अनंत चतुर्दशी म्हणजे भाद्रपद शुद्ध चौदावी तिथी, पौर्णिमेच्या आदला दिवस. म्हणजे दर वर्षी विसर्जन हे उधाणाच्या भरतीच्या तोंडावरच येतं. मुंबईत पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास असते, ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या. पाण्याच्या पातळीतला फरक चार मीटरच्या वर जाऊ शकतो, म्हणजे एका मजल्यापेक्षा जास्त! मोठी मूर्ती तराफ्यावर चढवायची तर पाणी नेमकं हवं. कमी असेल तर तराफा रुततो, जास्त असेल तर मूर्ती हलवताच येत नाही.

२०२५ ला नेमकं हेच झालं. ६ सप्टेंबरला निघालेला लालबागचा राजा ७ तारखेच्या सकाळी चौपाटीवर पोचला तेव्हा भरती चढायला लागली होती. नवा, यंत्रावर चालणारा तराफा आणला होता, पण पाण्यात मूर्ती त्यावर चढेना. दिवसभर मूर्ती पाण्यात, किनाऱ्यावर हजारो लोक. ओहोटी लागल्यावर संध्याकाळी मूर्ती तराफ्यावर गेली आणि रात्री नऊच्या सुमारास विसर्जन झालं. टीव्हीवर दिवसभर चर्चा चालली ती शुभ-अशुभाची, त्यात त्या रात्री चंद्रग्रहण. पंचांगात सगळं बघितलं जातं, त्याच पानावर चंद्राची तिथीही असते, आणि भरती त्या तिथीवरूनच काढतात. कोळ्यांना हे तोंडपाठ असतं.

आणि हे दादरला झालं असतं तर? गिरगाव उपसागराच्या कुशीत आहे, मलबार हिलचा आडोसा, उतार मंद, वाळू रुंद. दादरची वाळू आमच्या आईवडिलांच्या पिढीने पाहिली त्याहून खूपच अरुंद झालीय. उधाणाला लाटा थेट बांधाच्या भिंतीवर आपटतात. वीस फुटी मूर्ती तिथे आणून वळवायची कुठे? शंभर वर्षांपूर्वी मानासाठी निवडलेली चौपाटी आज निव्वळ भूगोलासाठीही तीच निवडावी लागेल.

घरगुती गणपतींचा तर हा प्रश्नच मिटत चाललाय. २०२५ ला उच्च न्यायालयाने ६ फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायला सांगितलं. तलाव चौपाटीच्या शेजारी असला तरी समुद्र फक्त बघायचा. पाण्यासाठी हे चांगलंच आहे, माझं मत विचाराल तर. (२०१३ ला गिरगावात विसर्जनाच्या वेळी पाकट माशांनी भाविकांना डंख मारले होते, पाण्यात उतरणं तसंही सोपं राहिलेलं नाही.) पण आजोबांबरोबर गुडघाभर पाण्यात उभं राहिलेल्या पोराला ते पटवणं कठीण जाणार.

दरम्यान कोस्टल रोड मार्च २०२४ ला सुरू झाला. मलबार हिलखालचा दोन किलोमीटरचा बोगदा गिरगाव चौपाटीच्या अगदी जवळ बाहेर पडतो. वरळीहून दहा मिनिटांत तुम्ही चौपाटीसमोर असता, ऐंशीच्या स्पीडला, काचा वर करून. वाऱ्यासाठी रस्ते फोडणारं शहर होतं हे.

तर ह्या वर्षी शीट आली की मी दोन ओळी वाढवणार आहे. जायचंच असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या जवळचा रविवार बघा आणि संध्याकाळी सहाला पोचा. ओहोटी असते, गिरगावची वाळू दुप्पट रुंद दिसते. दादरला चैत्यभूमीमागच्या व्ह्यूइंग डेकवर उभे राहा. २०२२ ला झालाय, पावसाळी पाण्याच्या नाल्याच्या तोंडावर बांधलाय, तेव्हा वास येऊ शकतो. समोर सी लिंक दिसतो. सुरमई थाळी मात्र दादर स्टेशनकडे येऊनच खा.