उद्यानातील वनस्पतिचित्र आणि सावित्रीकाठचे डोंगर

मुंबई इलाख्यातील नामांकित वनस्पतिउद्यानांच्या यादीत महाड अथवा पोलादपूर यांचे नाव आढळत नाही. तथापि वनस्पतींचे व निसर्गदृश्यांचे चित्रण या विषयाचा इतिहास अभ्यासताना सावित्री नदीचे हे खोरे वगळता येत नाही. बाणकोटच्या खाडीतून भरतीबरोबर दासगाव व महाडपर्यंत यावयाचे आणि तेथून पोलादपूर व पारमार्गे घाट चढावयाचा, हा समुद्र व सह्याद्री यांना जोडणारा जुना मार्ग होय. वनस्पतींकडे पाहण्याच्या दोन भिन्न दृष्टी या मार्गाच्या दोन टोकांशी निगडित आहेत.

पहिली दृष्टी प्रवाशाची. इ. स. १७५६ च्या तहाने बाणकोट व आसपासची काही गावे पेशव्यांकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. त्यानंतर १७७१ मध्ये जेम्स फोर्ब्स हा कंपनीचा तरुण नोकर दासगावी आला. जवळच्या उन्हाळ्यांचे, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचे, त्यास आकर्षण होते. फोर्ब्स हा हौशी चित्रकार. झाडे, पक्षी, लेणी, माणसे, जे दिसेल ते तो रेखाटी, आणि वर्णन व चित्र यांची त्याच्या मनात फारकत नव्हती. १८१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चार खंडांच्या ‘ओरिएंटल मेमॉयर्स’ या ग्रंथात शास्त्रीय काटेकोरपणा फारसा नाही, हे मान्य करावे लागते. परंतु त्यातील वनस्पती आपल्या भूमीपासून तुटलेली नाही.

दुसरी दृष्टी उद्यानाची. सर जॉन माल्कम हे १८२७ ते १८३० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. महाबळेश्वरची वसाहत आणि पुण्यानजीकच्या दापोडीचे वनस्पतिउद्यान (१८२८) ही दोन्ही त्यांच्याच कारकिर्दीतील. १८३८ मध्ये या उद्यानाचा कारभार डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे आला. १८४७ ते १८५० च्या सुमारास येथे एका चित्रकाराकडून देशी व परदेशी वनस्पतींची चित्रे काढविण्यात आली. त्यांपैकी १७१ चित्रे एडिंबरो येथील शाही वनस्पतिउद्यानाच्या संग्रहात असून, हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये ग्रंथरूपाने ती अभ्यासकांपुढे आणली. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय वंशाचा होता, एवढेच ज्ञात आहे. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. त्याच काळात मद्रास इलाख्यात रॉबर्ट वाइट यांनी रंगिया व गोविंदू या आपल्या चित्रकारांची नावे नोंदविली, इतकेच नव्हे तर एका आमरवंशास गोविंदूचे नाव दिले. हे लक्षात घेता दापोडीचे मौन केवळ कालरीतीचे मानता येत नाही.

अशा चित्रात कागद कोरा असतो. त्यावर एक फांदी, एक फूल, क्वचित फळाचा छेद. भोवतालची जमीन, शेजारचे झाड, डोंगराचा उतार यांना तेथे स्थान नाही. वर्गीकरणशास्त्रास हेच हवे होते, कारण त्याला एखादे झाड नव्हे, तर जातीचा नमुना पाहिजे असतो.

छायाचित्रणकलेने ही उणीव भरून काढावी, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ मध्ये झाली, डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी तिच्याशी संबंधित होते. परंतु तत्कालीन कलोडियनच्या ओल्या काचेस निळा प्रकाश तेवढा चांगला उमटे. हिरवी पाने काळवंडून एकजीव दिसत आणि आकाश कोरे पांढरे राही. काच ओली असतानाच चित्र घेऊन ते लगेच धुवावे लागे. म्हणजे अंधारी राहुटी, रसायने व पाणी बरोबर नेल्याखेरीज घाटात छायाचित्रण अशक्यच. शिवाय वारा सुटला की पान हले आणि चित्र बिघडे. कॅमेरा म्हणूनच प्रथम लेणी, किल्ले व इमारती यांकडे वळला, कारण दगड हलत नाही. १८७३ मध्ये फोगेल यांनी रंगद्रव्यांच्या साहाय्याने काच हिरव्या रंगास संवेदनक्षम करण्याची रीत शोधल्यानंतरच ही अडचण हळूहळू दूर होऊ लागली.

दरम्यान इलाख्याची वनस्पतिसूची शब्दांतच लिहिली गेली. ग्रॅहॅम यांची १८३९ ची सूची, डाल्झेल व गिब्सन यांचा १८६१ चा ग्रंथ, कुक यांचा १९०१ ते १९०८ मधील ‘फ्लोरा’, यांपैकी एकही सचित्र नाही. ब्लॅटर व मिलर्ड यांच्या भारतीय वृक्षांवरील १९३७ च्या ग्रंथात मात्र रंगीत चित्रे व छायाचित्रे एकत्र आली. तोही शोभिवंत वृक्षांचा ग्रंथ. डोंगरउतारावरील रानाचा नव्हे.

या उणिवेचे महत्त्व केवळ कलेतिहासापुरते नाही. गिब्सन हे १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. कोकणातील डोंगरांवरील जंगलतोडीमुळे झरे आटतात व वाहून आलेल्या गाळाने नद्या-खाड्या भरतात, असे त्यांनी त्या दशकात सरकारला कळविले. ज्या अधिकाऱ्याच्या उद्यानात फुलांची चित्रे इतक्या निगुतीने निघत होती, त्याने पाहिलेल्या बोडक्या उतारांचे मात्र शब्दचित्रच उरले. चित्रकार उद्यानात बसविला होता. खाडीकडे तो पाठविला गेला नाही.

जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही त्याच वेळी जीवितहानी झाली. या दुर्घटनांस अतिवृष्टी, भूरचना व जमिनीचा वापर अशी अनेक कारणे असल्याने त्यांचा दोष एका जंगलतोडीवर टाकणे अशास्त्रीय ठरेल. परंतु दीडशे वर्षांपूर्वी या उतारांवर कोणते रान होते व ते किती दाट होते, हे ठरवू जाता दापोडीच्या १७१ चित्रांचा उपयोग होत नाही. तेथे सरकारी वनखात्याचे अहवाल, जमाबंदीची दप्तरे व देवरायांत टिकून राहिलेले वृक्ष हीच साधने हाती उरतात, आणि दासगावपुरते, मर्यादित अर्थाने का होईना, फोर्ब्सचे लेखन.