आर्मीचं जॅकेट आणि गुलमर्गचा बर्फ

मागच्या हिवाळ्यात माझा भाचा बेंगळुरूच्या शिवाजीनगरमधून जुनं लष्करी जॅकेट घेऊन घरी आला. गुलमर्गला स्कीइंग शिकायला जायचं होतं. म्हणाला, "मामा, आर्मीचं आहे, म्हणजे बर्फात चालणारच!" मी म्हटलं, "बस जरा, आधी गोष्ट ऐक."

गोष्ट याच शहरातून सुरू होते. इथल्या बिशप कॉटन शाळेत शिकलेले कोडगूचे थिमय्या १९४८ साली काश्मीरमध्ये १९ व्या डिव्हिजनचे प्रमुख होते. त्या वर्षी १ नोव्हेंबरला त्यांच्या सैन्याने साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजी ला खिंडीत रणगाडे चढवले. डिसेंबरमध्ये त्यांनी गुलमर्गला डिव्हिजनची स्की शाळा काढली. आजची 'हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल' ती हीच. म्हणजे भाचा जिथे निघाला होता, तिथे स्की आणि फौज यांचं नातं जुनं आहे.

पण कपड्यांचं काय? अमेरिकी लष्कराने १९४२ मध्ये डेनाली पर्वतावर कपडे आणि सामान तपासायला मोहीम पाठवली, तेव्हा सोबत रॉबर्ट बेट्ससारखे गिर्यारोहक घेतले. बेट्स १९३८ च्या के-२ मोहिमेत होते. लष्कर गिर्यारोहकांकडून शिकलं आणि युद्ध संपल्यावर उरलेला माल स्वस्तात पुन्हा डोंगरवेड्यांकडेच आला. आर्मी सरप्लसला मान मिळाला तो असा.

आता मेख ऐका. १९४३ आणि १९६५ सालची प्रसिद्ध अमेरिकी फील्ड जॅकेटं मुळात वारा अडवायला होती. पहिल्याचं कापड सुती, दुसऱ्याचं सूत-नायलॉन मिश्र. उभ्या पहारेकऱ्याला ती ठीक. स्कीवाला मात्र घामाने भिजतो, पडतो, बर्फात लोळतो. सूत पाणी धरून ठेवतं, आणि ओला कपडा अंगातली ऊब झपाट्याने ओढून घेतो.

सुती कपड्यांची किंमत आपण १९६२ मध्ये मोजली. कितीतरी जवान हिमालयात सुती गणवेश आणि कॅनव्हासच्या बुटांवर लढले. १९८४ च्या एप्रिलमध्ये सियाचीनसाठीही खास कपडे युरोपातून आणावे लागले. डिसेंबर २०२१ मध्ये डीआरडीओने आपल्या तीन थरांच्या पोशाखाचं तंत्रज्ञान पाच भारतीय कंपन्यांना दिलं. +१५ ते उणे ५० अंशांपर्यंत, श्रम जसे वाढतील तसे थर कमी करायचे, ही त्यामागची कल्पना. थोडक्यात, बर्फात शिक्क्यापेक्षा थर महत्त्वाचे.

म्हणून भाच्याला तीन गोष्टी सांगितल्या. आतलं लेबल वाच, कापड सुती असेल तर स्कीला नको. बाहेरून पाणी शिंपड, थेंब घरंगळले तर ठीक, मुरले तर नाही. आणि चट्ट्यापट्ट्यांचा लष्करी नमुना टाळ. आपण सैनिक आहोत असं भासवण्यासाठी तो घालणं कायद्याने गुन्हा आहे, आणि काश्मीरमध्ये उगाच गैरसमज कशाला?

त्याने न्हाणीघरात जॅकेटवर तांब्याभर पाणी ओतलं. सगळं मुरलं! मग गुलमर्गला त्याने भाड्याचा स्की-सूट घातला. ते जॅकेट संध्याकाळी शेकोटीजवळ बसायला मात्र झकास ठरलं.