धावणाऱ्यास गुरू लाभला त्याची हकीकत

ज्युबिलीच्या स्मरणिकेत मिशनऱ्यांचा, शाळांचा व देवळाच्या बांधकामाचा इतिहास यावा हे उचितच होय. परंतु ज्या श्रीगोंदे तालुक्यात मुले माळरानावर अनवाणी धावत वाढतात, तेथे धावण्याची विद्या शिकविणाऱ्यांचाही इतिहास लिहिला पाहिजे, असे आम्हांस वाटते. संत पौलाने करिंथकरांस लिहिताना शर्यतीत धावणाऱ्याचाच दाखला दिला आहे. तेव्हा हा विषय देवळाबाहेरचा आहे असे कोणी म्हणू नये.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत सर दोराबजी टाटा यांनी शेतकऱ्यांची मुले धावताना पाहिली. त्यांना नियम ठाऊक नव्हते, पायांत जोडे नव्हते. तरी त्यांचा वेग पाहून टाटा चकित झाले. त्यांच्याच खटपटीने १९२० साली हिंदी खेळाडूंचा एक लहानसा संघ अँटवर्पच्या ऑलिंपिकास गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनचे अंतर त्या वर्षी ४२.७५ किलोमीटर होते, आणि चौगुले एकोणिसावे आले. पाय होते, दम होता. उणीव होती ती शिकविणाऱ्याची.

ही उणीव ज्याने ओळखली तो गृहस्थ अमेरिकन होता. हॅरी क्रो बक यांचे शिक्षण मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे झाले. १९१९ साली ते हिंदुस्थानात आले आणि पुढल्याच वर्षी मद्रासेत त्यांनी वाय. एम. सी. ए. या संस्थेतर्फे शारीरिक शिक्षणाची शाळा उघडली. धावपटू तयार करण्यापेक्षा धावपटूंचे शिक्षक तयार करावे, हा त्यांचा बेत होता, व आमच्या मते त्यांची खरी थोरवी त्यातच आहे. एक शिक्षक शंभर मुलांस शिकवितो. एक विजेता फार तर आपले नाव सांगतो. १९२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकास जो हिंदी संघ गेला, त्याची तयारी व देखरेख बक यांच्याकडे होती. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघ स्थापन झाला, तेव्हा टाटा अध्यक्ष व वाय. एम. सी. ए. चेच डॉ. नोरेन चिटणीस झाले. बक १९४३ साली निवर्तले. त्यांचे कॉलेज आजही मद्रासेत, म्हणजे सध्याच्या चेन्नईत, चालू आहे.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. बक आपल्या पंथाचे नव्हते. शिवाय ज्या वर्षी त्यांनी शाळा उघडली, त्याच १९२० सालच्या नोव्हेंबरात रोमच्या होली ऑफिसने वाय. एम. सी. ए. विषयी सर्व बिशपांस सावधगिरीची सूचना धाडली होती. श्रद्धेच्या बाबतीत तरुणांचे मन उदासीन होईल, अशी ती भीती होती. ही भीती निराधार होती असे आम्ही म्हणत नाही. तरीपण १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती ऐक्याविषयीचा आदेश काढला, त्यानंतर तरी या परपंथीय गुरूचे ऋण मोकळ्या मनाने मान्य करावयास हरकत नसावी.

आपल्या इलाख्यापुरते पाहिले तर मुंबई सरकारने १९३८ साली कांदिवलीस शारीरिक शिक्षणाची संस्था काढली आणि पी. एम. जोसेफ यांस तिचे प्रमुख नेमले. पुढे १९५७ च्या १७ ऑगस्टला ग्वाल्हेरीस राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने कॉलेज निघाले, त्याचेही पहिले प्राचार्य जोसेफच. श्रीगोंदेकरांस ग्वाल्हेर परके नाही. महादजी शिंद्यांचे घराणे ज्या गावाशी बांधलेले, तेच हे आपले गाव. शिंदे येथून तलवार घेऊन उत्तरेस गेले. दीड-दोन शतकांनी कांदिवलीचा हा शिक्षक शिट्टी घेऊन त्याच वाटेने गेला, हा योग आम्हांस मौजेचा वाटतो. ते कॉलेज १९९५ पासून अभिमत विद्यापीठ आहे.

आता अगदी जवळचे उदाहरण. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या बीडच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे शेतकऱ्याचा मुलगा. तो लष्करात भरती झाला. तेथील प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला हेरून अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतीकडे वळविले. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल सामन्यांत त्याने ही शर्यत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत धावून रौप्यपदक मिळविले, व २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई सामन्यांत सुवर्ण. साबळ्याचे नाव आज आपल्या शाळांतील मुलांच्या तोंडी आहे. अमरीश कुमारांचे नाव त्यांतील किती जणांस सांगता येईल, हे पुढच्या क्रीडादिनी विचारून पाहावे.