विद्यार्थी म्हणायचं की कामगार?

परमपूज्य बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, हे आपल्या वस्तीतल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती होती दरमहा साडेअकरा पौंड. त्यातच तिकडचं राहणं-खाणं भागवायचं आणि पोटाला चिमटा घेऊन मुंबईत माता रमाईला पैसे धाडायचे. शिकणाऱ्या माणसालाही घरभाडं असतं, संसार असतो, पाळण्यातलं लेकरू असतं, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. शंभर वर्षांनी त्याच विद्यापीठात याच प्रश्नांवर संप झाला. तो इतिहास आपल्या लोकांना कळावा म्हणून हा लेखनप्रपंच.

तिकडे पीएच.डी. करणारी मुलं नुसती पुस्तकं वाचत नाहीत. ती वर्ग घेतात, पेपर तपासतात, प्रयोगशाळेत राबतात. त्याचा मोबदला मिळतो, पण विद्यापीठं म्हणतात, हे विद्यार्थी आहेत, कामगार नव्हेत. कामगार नाही म्हटलं की युनियन नाही, आणि युनियन नाही म्हटलं की करार नाही. मालकाची ही युक्ती आम्हां गिरणीवाल्यांना चांगली परिचयाची. वर्षानुवर्षं साचा चालवला तरी बदलीवाला तो बदलीवालाच!

अमेरिकेत कामगार-संबंधांचं एक राष्ट्रीय मंडळ आहे. खाजगी विद्यापीठातले असे विद्यार्थी कामगार आहेत, असा निकाल त्याने २००० साली दिला. २००४ साली तो फिरवला. २३ ऑगस्ट २०१६ रोजी कोलंबियाच्याच प्रकरणात पुन्हा कामगारांच्या बाजूने निकाल लागला. डिसेंबरात मतदान झालं. युनियनच्या बाजूने १,६०२ आणि विरोधात ६२३ मतं पडली. तरी विद्यापीठ वाटाघाटीला बसेना. २०१८ साली संप झाला, २०२१ च्या मार्चमध्ये पुन्हा झाला. त्यातून जो करार पुढे आला तो सभासदांनीच मतदानाने फेटाळला. पुढाऱ्यांनी ठरवलं आणि सभासदांनी माना डोलावल्या, असं तिथे घडलं नाही. हे आपण ध्यानात घ्यावं.

मग ३ नोव्हेंबर २०२१ पासून सुमारे तीन हजार जण संपावर गेले. १० डिसेंबरपर्यंत कामावर या, नाहीतर पुढच्या सत्रात काम मिळेलच असं नाही, अशी तंबी आली. तरीही मंडळी थंडीत फाटकावर उभी राहिली. दहा आठवड्यांनी, जानेवारी २०२२ मध्ये तडजोड झाली. पगारवाढ मिळाली, मुलं सांभाळण्याच्या खर्चाची मदत वाढली, दातांच्या उपचारांचा विमा मिळाला, छळाच्या तक्रारीसाठी त्रयस्थ लवाद मिळाला.

घरभाड्याचा प्रश्न मात्र देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात अधिक तीव्र होता. तिथल्या सांताक्रूझ गावी निम्म्याहून जास्त पगार खोलीच्या भाड्यात जाई. तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये विद्यार्थी-शिक्षकांनी परीक्षेचे गुण द्यायचे थांबवले आणि महिन्याला १,४१२ डॉलर महागाईवाढ मागितली. आपल्या भाषेत सांगायचं तर साचे बंद ठेवले. फेब्रुवारी २०२० मध्ये सुमारे ऐंशी जणांना कामावरून कमी केलं. पुढे त्यातल्या अनेकांना परत घ्यावं लागलं. पण ठिणगी विझली नाही. १४ नोव्हेंबर २०२२ रोजी त्या विद्यापीठाच्या दहाही केंद्रांतले ४८ हजार जण संपावर गेले. पगारवाढ आणि मुलांच्या सांभाळाचा वाढीव भत्ता पदरात पडला. भाड्याशी बांधलेली वाढ मात्र मिळाली नाही, म्हणून पुष्कळांनी कराराविरुद्ध मत दिलं.

या दोन्ही लढ्यांत मुलं ज्या युनियनमध्ये गेली, ती मूळची मोटार कारखान्यातल्या कामगारांची. शिकलेल्या माणसाला तेल-काजळीच्या हाताशेजारी बसायची लाज वाटली नाही, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

काही जण म्हणतील, घर आणि मूल ही ज्याची त्याची खाजगी बाब, त्यात मालकाचा काय संबंध? याचं उत्तर बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबईच्या कायदेमंडळात दिलेलं आहे. बाळंतीण कामगार स्त्रीला भरपगारी विसावा मिळावा, तिच्या श्रमाचा फायदा मालक घेतो तर खर्चाचा भारही त्याने उचलावा, असं त्यांनी तिथे मांडलं. दुसऱ्याच वर्षी मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. म्हणजे ही काही अमेरिकेतून आलेली मागणी नव्हे. आमच्या १९८२ च्या संपातही पगाराबरोबर घरभाड्याची मागणी होतीच.

बंधू-भगिनींनो, आज आपली मुलं सरकारी शिष्यवृत्तीवर परदेशी जातात. इथे २०२३ साली बार्टीचे संशोधक विद्यार्थी अधिछात्रवृत्तीसाठी आझाद मैदानावर बसले होते. त्यांना पाहून 'शिकायचं सोडून हे काय चाललंय' असं आपल्यातलेच काही बोलले. असं बोलू नये. आपला पोरगा डॉक्टरेट करतो म्हणून तो साहेब झाला असं समजू नका. महिनाअखेरीला भाडं कसं भरतोस, एवढं त्याला विचारा. आणि तो संपावर असला तर त्याच्या पाठीशी उभे राहा.

एवढे सांगून आम्ही रजा घेतो. जय भीम!