पॅनेलचं दार उघडं का असतं?

इचलकरंजीतल्या एका यंत्रमाग शेडमध्ये मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह वारंवार ट्रिप होत होता. पॅनेलचं दार सताड उघडं, समोर पेडेस्टल पंखा. ब्रेकर पाडला, कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबलो आणि बॅटरीच्या उजेडात हीट सिंक पाहिला. पात्यांमधल्या फटींत कापसाची लव गच्च बसली होती. पंखाच ती आत ढकलत होता.

उष्णतेच्या या दुखण्याचं मूळ जुनं आहे. १८९१मध्ये हॅरी वॉर्ड लिओनार्ड या अमेरिकन अभियंत्याने मोटरचा वेग बदलायला तिच्यासाठी वेगळा जनरेटर ठेवला. ते धूड जड. थोडा वेळ जादा ताप झाला तर सोसायचं, आणि फिरता फिरता स्वतःच हवा खेळवायचं. १९३०च्या दशकात सेलेनियम रेक्टिफायर आले. त्यांत फिरणारं काहीच नव्हतं. दांड्यावर ओवलेले चौकोनी पत्रे एसीची डीसी करत आणि तेच पत्रे उष्णता हवेत सोडत. जळाले की असह्य कुजका वास सुटे.

खरी फारकत झाली ती १९५७नंतर, जनरल इलेक्ट्रिकच्या थायरिस्टर या सिलिकॉनच्या स्विचने. उष्णता आता सिलिकॉनच्या इवल्याशा चकतीत जन्मू लागली आणि तेवढ्या जागेतून ती हवेत जाणं अशक्य होतं. म्हणून चकतीखाली ॲल्युमिनियमचा ठोकळा, म्हणजेच हीट सिंक, आला. त्याच्या पात्या मोटरसायकलच्या सिलिंडरवर असतात तशाच. आजचा १०० किलोवॉटचा ड्राइव्ह ९७ टक्के कार्यक्षम धरला, तरी सुमारे ३ किलोवॉट उष्णता उरते. म्हणजे लोखंडी कपाटात एक किलोवॉटच्या तीन शेगड्या! आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं तापमान १० अंशांनी वाढलं, की त्यांचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं.

कपाट बंद ठेवलं तर आत भट्टी, उघडलं तर धूळ. या कोंडीतून मला सर्वांत आवडलेली वाट साधी आहे: कपाटाची पाठ कापायची, हीट सिंकच्या पात्या तेवढ्या बाहेर काढायच्या आणि कडेने गॅस्केट बसवायचं. बरीचशी उष्णता बाहेरच्या बाहेर जाते, इलेक्ट्रॉनिक्स बंद दाराआड राहतं. पात्यांवर लव बसतेच, पण ती दार न उघडता झटकता येते.

त्या शेडमध्ये आम्ही हेच केलं. पेडेस्टल पंखा आता मागावर उभ्या असलेल्या कामगारांकडे तोंड करून आहे.