मस्तिष्कस्तंभाच्या संरक्षणाचा मार्ग : शरीररचनाशास्त्र आणि परळ येथील शस्त्रक्रियापद्धती

मस्तिष्कस्तंभ हा जेमतेम सात-आठ सेंटिमीटर लांबीचा अवयव होय. परंतु श्वसन, रक्ताभिसरण व जाणीव यांचे नियंत्रण त्याच्याकडे असल्याने शस्त्रवैद्यांनी तो दीर्घकाळ वर्ज्य मानला. १९९३ मध्ये जपानमधील क्योशिमा व सहकाऱ्यांनी चौथ्या मस्तिष्क विवराच्या तळावर, आनन तंत्रिकेच्या मार्गाच्या वर व खाली, तुलनेने निर्धोक असे दोन त्रिकोण दाखविले. स्तंभातील गाठीपर्यंत पोहोचण्याचा हा मार्ग होता. स्तंभावर बाहेरून येणाऱ्या दाबाचा प्रश्न मात्र वेगळा होता.

मानेचा पहिला मणका दुसऱ्यावरून सरकल्यास दुसऱ्या मणक्याचा दंताकार प्रवर्ध लंबमज्जेवर व मज्जारज्जूवर दाब आणतो. गॅली यांच्या १९३९ च्या पद्धतीत हे मणके मागील बाजूने तारेने बांधले जात. तार मज्जारज्जूच्या अगदी निकटून ओवावी लागे. मॅगर्ल यांचा स्क्रू दोन्ही मणक्यांतून आरपार जाई. परंतु कशेरुका रोहिणीचा मार्ग प्रत्येक रुग्णात सारखा नसल्याने तिला इजा होण्याचे भय असे.

रायगडच्या रेवस-मांडवा किनाऱ्यासमोर, मुंबई बंदरापलीकडे, परळ येथील के.ई.एम. रुग्णालयात डॉ. अतुल गोयल यांनी निराळी दिशा स्वीकारली. सांध्यामागील दुसऱ्या ग्रैव तंत्रिकेची गुच्छिका छेदून त्यांनी सांधा प्रत्यक्ष उघडा केला, त्यातील कूर्चा काढून अस्थिरोपण केले आणि दोन्ही मणक्यांत स्वतंत्र स्क्रू बसवून ते पट्टीने जोडले. डोक्याच्या मागील त्वचेची बधिरता ही त्याची किंमत. रोहिणीच्या तुलनेत ती अल्पच. लाहेरी यांच्यासह लिहिलेला याविषयीचा लेख १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. २००२ मध्ये १६० रुग्णांचा अहवाल आला.

दरम्यान २००१ मध्ये जर्मनीतील हार्म्स व मेल्चर यांनी पट्टीऐवजी दांडा वापरून याच तत्त्वाची पद्धती मांडली. पुढे पाश्चात्त्य ग्रंथांत ती अनेकदा केवळ हार्म्स यांच्या नावाने ओळखली गेली. ‘गोयल-हार्म्स’ हे जोडनाव नंतर रूढ झाले. सात वर्षांचे अंतर पाहता हा विलंब इतिहासलेखनाचा दोषच म्हणावा लागेल. साधनातील सुधारणा हार्म्स यांची, हे मान्य करूनही सांध्याच्या रचनेचा आधार घेण्याची मूळ कल्पना परळचीच ठरते.

२००४ मध्ये गोयल यांनी हेच सांधे फाकवून कवटीत वर शिरलेला प्रवर्ध खाली आणण्याची पद्धती प्रसिद्ध केली. तोपर्यंत अशा अनेक रुग्णांत तोंडातून शिरून तो प्रवर्ध कापून काढावा लागे. नव्या पद्धतीत स्तंभाला स्पर्शही न होता त्यावरील दाब उतरू लागला.