ट्रॅव्हल ट्रेलरचा टायर बदलायचाय? जॅक, पाना आणि बाकीची हत्यारं कशी निवडायची

समजा, शनिवारची दुपार आहे. एसयूव्हीच्या मागे छोटा कॅम्पिंग ट्रेलर जोडलाय. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरून कामशेतला आलात आणि तिथून बेडसे लेण्यांच्या बाजूने पवनानगरकडे वळलात. संध्याकाळी पवना धरणाच्या काठावर तंबू, चहा आणि समोर तिकोना, असा प्लॅन आहे. तेवढ्यात मागून फट्-फट् आवाज येतो. ट्रेलरचा डावा टायर बसलाय.

कारची स्टेपनी आहे, कारचा जॅक आहे, एल पाना आहे. मग अडचण कसली? अडचण अशी की यातलं काहीच ट्रेलरला बसेल याची खात्री नाही. जॅक चुकीच्या जागी लावला तर नुसती गैरसोय होत नाही, हात-पाय खाली सापडू शकतो. म्हणून कोणती हत्यारं घ्यायची, किती मापाची घ्यायची आणि ती तुमच्याच ट्रेलरला चालतील हे घरी कसं तपासायचं, ते या लेखात पाहूया.

२०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. तेव्हापासून अशा गाड्यांबद्दल तरुणांमध्ये बरंच बोललं जातं. आपल्याकडे कॅरॅव्हॅन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकाच गाडीत घर केलेली कॅम्परव्हॅन येते. हा लेख मात्र कारच्या मागे ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरबद्दल आहे.

कारची हत्यारं का चालत नाहीत?

याची तीन कारणं आहेत.

पहिलं कारण जॅक. कारसोबत येणारा कात्रीसारखा जॅक त्या कारसाठीच बनवलेला असतो. त्याच्या डोक्यावरची खाच कारच्या खालच्या पत्र्याच्या कडेत बसते. ट्रेलरला तशी कड नसते, तिथे लोखंडी चौकोनी पाइप किंवा चॅनेल असतं. सपाट लोखंडावर खाच नीट बसत नाही आणि जॅक सटकू शकतो.

दुसरं कारण नटाचं माप. भारतातल्या कार्समध्ये चाकाचे नट साधारण १७, १९ किंवा २१ मिलिमीटरचे असतात. ट्रेलरचा ॲक्सल कुठून आलाय, त्यावर त्याच्या नटाचं माप ठरतं. कारला १९ आणि ट्रेलरला २१ असेल, तर कारचा पाना तिथे निरुपयोगी.

तिसरं कारण स्टेपनी. चाकाला बोल्ट किती, त्यांच्यात अंतर किती, रिमचा मधला भोक केवढा, हे सगळं जुळलं तरच कारची स्टेपनी ट्रेलरला बसते. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. २०२० मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला. टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि टायर दुरुस्तीचं किट असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी कारला स्टेपनीची सक्ती उरली नाही. म्हणजे तुमच्या कारमध्येच कदाचित स्टेपनी नसेल. ट्रेलरची स्टेपनी वेगळीच घ्या.

१. जॅक : टनांआधी उंची बघा

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, 'किती टनाचा देऊ?' छोट्या ट्रेलरसाठी वजन ही मोठी अडचण नसते. समजा, सामानासकट ट्रेलर ८०० किलोचा आहे. त्यातलं साधारण दहा टक्के वजन कारच्या हुकवर येतं. उरलेलं दोन चाकांवर, म्हणजे एका चाकावर ३६० किलोच्या आसपास. दोन टनाचा जॅक हे आरामात उचलतो.

खरी गफलत उंचीत होते. घरी टायरमध्ये हवा असताना माप घेतलं तर जॅक सहज आत जातो. पण पंक्चर झाल्यावर ट्रेलर ८ ते १० सेंटीमीटर खाली बसतो आणि तोच जॅक आत शिरत नाही.

उदाहरण पाहू. हवा असताना जॅक लावायची जागा जमिनीपासून ३२ सेंटीमीटरवर आहे. टायर बसल्यावर ती २३ वर येईल. म्हणजे बंद केलेला जॅक, खालच्या फळीसकट, २३ पेक्षा कमी उंचीचा हवा. आता वरची बाजू. चेसिस उचलताना स्प्रिंग सैल होऊन चाक थोडा वेळ जमिनीलाच टेकून राहतं. त्यामुळे चांगला टायर बसवायला चेसिस ३२ च्या वर आणखी ६-७ सेंटीमीटर उचलावी लागेल. म्हणजे साधारण ३९. बंद असताना १८ आणि पूर्ण वर ३६ सेंटीमीटर जाणारा बॉटल जॅक ४ सेंटीमीटरच्या फळीवर ठेवला, तर २२ ते ४० मिळतात. काम झालं!

कोणता प्रकार घ्यायचा?

बॉटल जॅक : लहान, स्वस्त, ताकदवान. पण डोकं छोटं आणि पाया अरुंद. डांबरावर ठीक, मातीत फळी हवीच.

कात्री जॅक : हलका, खूप खाली बसतो. घेताना डोकं सपाट आणि रुंद असलेलाच घ्या.

ट्रॉली जॅक : सर्वात स्थिर, पण जड. चाकं लहान असल्याने खडी-मातीवर नीट सरकत नाही. घरी सर्व्हिसिंगसाठी उत्तम.

बहुतेकांसाठी बॉटल जॅक आणि फळी ही जोडी पुरेशी आहे.

जॅक कुठे लावायचा, हे ट्रेलर बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत असतं. पुस्तिका नसेल तर त्यांना फोन करून विचारा आणि त्या जागेवर रंगाची खूण करून ठेवा. काही ॲक्सलच्या मधल्या पाइपला जॅक लावला तर तो वाकतो, म्हणून अंदाजाने लावू नका. ट्रेलरच्या कोपऱ्यातले पाय फक्त तो डुलू नये म्हणून असतात. त्यांनी ट्रेलर उचलायचा नाही.

२. फळी : सगळ्यात स्वस्त, सगळ्यात महत्त्वाची

मावळात पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला उतरलं की भातखाचराचा चिखल. अशा जमिनीत जॅक ट्रेलर वर उचलण्याऐवजी स्वतःच खाली जातो. गणित सोपं आहे. जॅकचा पाया १० बाय १० सेंटीमीटरचा असेल तर ३६० किलो वजन १०० चौरस सेंटीमीटरवर येतं, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ३.६ किलो. तेच ३० बाय ३० च्या फळीवर ठेवलं तर फक्त ०.४ किलो. सुताराकडून जाड प्लायवूडचे दोन तुकडे कापून एकमेकांवर स्क्रूने बसवून घ्या. विटा किंवा दगड वापरू नका, ते वजनाखाली अचानक फुटतात.

३. चाकाला अडण आणि जॅक स्टँड

जे चाक बदलायचं नाही, त्याच्या पुढे आणि मागे दोन्हीकडे अडण लावा. रबराचे तिरके ठोकळे मिळतात, लाकडाचेही चालतात. गोल दगड नको.

जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. चाक निघाल्यावर चेसिसखाली जॅक स्टँड असेल तर जॅक सटकला तरी ट्रेलर खाली येत नाही. स्टँड असला तरी ट्रेलरखाली डोकं किंवा हात घालायचा नाही.

४. पाना : लांबी म्हणजे ताकद

छोट्या ट्रेलरचे नट अनेकदा १२० न्यूटन मीटरच्या आसपास आवळलेले असतात. २५ सेंटीमीटरच्या पान्याने तेवढा जोर द्यायला टोकावर जवळपास ४९ किलोचा दाब लागतो. पाना ५० सेंटीमीटरचा असेल तर निम्मा, म्हणजे साधारण २४ किलो. गंजलेल्या नटाला याहून जास्त लागतो. म्हणून अर्धा इंच चौकटीचा लांब दांडा आणि नटाच्या मापाची सहा कोनी गोटी घ्या. बारा कोनी गोटी घट्ट नटाच्या कडा खाऊ शकते. क्रॉस पानाही चांगला, चार मापं एकातच मिळतात. पान्यावर उभं राहून उड्या मारायच्या नाहीत. घसरला तर गुडघा किंवा घोटा जातो.

५. टॉर्क रेंच : 'बस्स, घट्ट झालं' हा अंदाज पुरेसा नाही

नट सैल राहिला तर चाक हलतं आणि बोल्ट तुटतात. जास्त आवळला तर बोल्ट ताणला जातो. आणि ट्रेलरचं चाक सैल झालं तरी स्टिअरिंगवर फारसं जाणवत नाही. ४० ते २०० न्यूटन मीटरचा, क्लिक आवाज देणारा टॉर्क रेंच घ्या. नेमका आकडा ट्रेलरच्या पुस्तिकेतला वापरा. बोल्टच्या आट्यांना तेल लावू नका, नाहीतर तोच आकडा लावूनही बोल्ट जास्त ताणला जातो.

६. हवेचा पंप

लायटर सॉकेटवर चालणारा १२ व्होल्टचा पंप घ्या, पण दोन गोष्टी बघून. पहिली, ट्रेलरच्या टायरला किती हवा लागते? कारला ३३ पीएसआय चालत असतील, तर ट्रेलरच्या काही टायरांना ५० किंवा त्याहून जास्त लागतात. दुसरी, पंप किती ॲम्पिअर घेतो? सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते १५ ॲम्पिअरचा असतो. त्याहून मोठा पंप थेट बॅटरीला चिमटे लावून चालवायचा असतो.

फोनचा उपयोग कसा करायचा?

– टायरच्या बाजूचा फोटो काढून ठेवा. चार आकडी कोड म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. '२३२२' म्हणजे २०२२ चा २३ वा आठवडा. ट्रेलर महिनोन् महिने उन्हात उभा असतो. नक्षी नवी दिसते, पण रबर म्हातारं झालेलं असतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या.
– मापाच्या शेवटी असलेला आकडा म्हणजे भार निर्देशांक. ८२ म्हणजे एका टायरला ४७५ किलो, ८८ म्हणजे ५६० किलो. स्टेपनीचाही तपासा.
– फोनमधल्या लेव्हलने रस्त्याचा उतार बघा. स्पष्ट उतार असेल तर जॅक लावू नका, सपाट जागी जा.
– नटाचं माप, टॉर्क, हवा आणि जॅकची उंची एका नोटमध्ये लिहा. ती ऑफलाइन उघडायला हवी. डोंगराआड रेंज जाते.

रस्त्यावर क्रम असा ठेवा

१. आधी सुरक्षित जागा. टायर वाया गेला तरी चालेल, पण हळूहळू पुढे जाऊन रुंद, सपाट जागी थांबा. द्रुतगती मार्गावर असाल तर हत्यारं काढूच नका. सगळ्यांना कठड्यापलीकडे न्या आणि ११२ वर फोन करा.
२. ट्रेलर कारला जोडलेलाच ठेवा. हँडब्रेक, गिअर, धोक्याचे दिवे, मागे परावर्तक त्रिकोण. ट्रेलरमध्ये कोणी नको.
३. अडण लावा. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा.
४. फळी, जॅक, मग स्टँड. चाक काढा, स्टेपनी चढवा.
५. नट हाताने लावा, समोरासमोरचे असे आळीपाळीने. चाक जमिनीवर टेकवून टॉर्क रेंचने पूर्ण करा.
६. ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा. हे बहुतेक जण विसरतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

स्टेपनीच नसेल तर?
चाक काढून कारने कामशेतच्या पंक्चरवाल्याकडे न्यावं असं वाटेल. पण त्यासाठी कार सोडवावी लागते आणि तीन पायांवर उभा ट्रेलर डळमळीत होतो. त्यापेक्षा कार जोडलेली ठेवा, चाक दुसऱ्याच्या गाडीने पाठवा किंवा पंक्चरवाल्यालाच बोलवा.

ट्यूबलेस किट पुरेसं आहे का?
खिळा नक्षीच्या भागात असेल तर हो, चाक न काढताही काम होतं. टायर बाजूने फाटला असेल तर किटचा उपयोग नाही.

सगळं एकदम घेणं परवडत नसेल तर?
आधी स्टेपनी, योग्य उंचीचा जॅक, फळी, अडण आणि बरोबर मापाचा लांब पाना. मग स्टँड आणि टॉर्क रेंच. पंप मित्राचा चालेल.

शेवटचं काम : निघण्याआधीच्या रविवारी, घराच्या पार्किंगमध्ये, ट्रेलरचं एक चाक स्वतः काढून परत बसवा. हवा पूर्ण सोडून बघा, जॅक आत जातो का. पाना बसत नाही हे पार्किंगमध्ये कळलं तर दुकान जवळ असतं. बेडश्याच्या वळणावर, अंधारात, पाऊस पडत असताना नसतं.